काकांच्या हातातला पाना

आबा, काकांनी तुमच्याकडे माझी तक्रार केली आहे. मागच्या महिन्यात, भर दुपारी, गॅरेजमध्ये, शेजारच्या लेथवाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी त्यांच्या हातातून पाना काढून घेतला. आधी ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग तुमच्या केबिनच्या दाराकडे तोंड करून ओरडले, “दादा, ओ दादा! ह्या पोरीला जरा सांगा की! मला इंजिनाला हात लावू देत न्हाय!” केबिनमध्ये कोणी नव्हतं. तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली. पण तुम्ही आता हात पुसत बाहेर याल आणि मला झापाल, अशा खात्रीनं ते दाराकडे बघत थांबले. मी फरशीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत उभी राहिले. तक्रार खरी आहे. ती तुमच्यापर्यंत पोचवणारं दुसरं कोणी नाही, म्हणून मीच लिहायला बसले आहे.

तुमचे धाकटे भाऊ म्हणून तुम्हाला माहीत असलेले काका वेगळे. तुम्ही गेलात तेव्हा त्यांचे केस नुकते पिकायला लागले होते आणि ते रोज सकाळी पंचगंगेत पोहून मग कामावर यायचे. तुमच्यामागं गॅरेज त्यांनीच चालवलं. तुमच्या खुर्चीवर मात्र कधी बसले नाहीत. गिऱ्हाइकाशी उभ्यानं बोलायचे, डबा बाकड्यावर बसून खायचे. मी डिप्लोमा करून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिन जोडणीच्या लाइनवर काही वर्षं काढली. तिथं बोल्ट यंत्र आवळायचं, मी फक्त हिरवा दिवा लागला का ते बघायची. एक दिवस ते सोडून घरी आले, तर काकांनी एवढंच विचारलं, “दिव्याचा कट्टाळा आला व्हय?” आणि दुसऱ्या दिवशी कामावर घालायचा बॉयलर सूट माझ्या मापाचा शिवून आणला. त्यांना मूलबाळ नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला त्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं असं लोक म्हणतात. तसं काही नाही. त्यांनी मला फिटर म्हणून वाढवलं, आणि त्याला जास्त वेळ लागतो.

तुमची दोघांची आठवण काढायला बसले की मला आईचं स्वयंपाकघर दिसतं. मी सातवी-आठवीत असेन. गॅरेजमधला स्टोव्ह बिघडलाय म्हणून तुम्ही दोघं पिस्टन घेऊन घरी आलाय. आईचं भाताचं मोठं पातेलं तुम्ही तिला न विचारता गॅसवर चढवता, पाणी ओतता आणि उकळी आली की एकेक पिस्टन त्यात सोडता. आई म्हणते, “त्यात उद्या भात कोण खाणार?” काका म्हणतात, “वैनी, नवेकोरे हायत, शिजले की वाढा.” पिस्टन तापला की त्याचं भोक किंचित मोठं होतं आणि अंगठ्यानं दाबली तरी पिन आत सरकते. तुम्ही फडक्यात पिस्टन धरता, काका पिन लावतात, आणि तुम्ही दोघंही एक अक्षर बोलत नाही. मला राहवत नाही. मी विचारते, गार झाल्यावर ही पिन आत अडकून बसणार नाही का? काका माझ्याकडे बघतात, पिन तिरकी होऊन थांबते. तुम्ही मान वर न करता म्हणता, “हात चालू असलेल्या माणसाशी बोलायचं न्हाय. बोलायचं असलं तर भाईर जा.” मी बाहेर पायरीवर जाऊन रडत बसले. थोड्या वेळानं काका आले, शेजारी बसले आणि हात पुसत म्हणाले, “न्हाय अडकत. इंजिन चालू झालं की परत तापतंयच की.” तुमचं ओरडणं लक्षात राहिलं तसं त्यांचं उत्तरही राहिलं.

आता तुमच्या वेळी आपल्या गॅरेजमध्ये न आलेली एक गोष्ट सांगते, नाही तर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. तुमच्याकडं जोर मोजायला टॉर्क रेंच होता, पण शेवटचा शब्द तुमच्या मनगटाचा असायचा. “बोल्ट पुरे म्हणतो, ऐकाय शिका,” असं म्हणायचात. हल्लीच्या गाड्यांचे हेडबोल्ट, इंजिनाच्या माथ्यावरचं हेड खालच्या ब्लॉकला धरून ठेवणारे, पुरे म्हणत नाहीत. आम्ही त्यांना ताणाचे बोल्ट म्हणतो. आधी ते ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचे, मधून सुरू करून बाहेर बाहेर जात. मग जोर मोजणं सोडून द्यायचं आणि फक्त कोन मोजायचा. प्रत्येक बोल्टला पाव फेरा, आणि सगळे झाले की प्रत्येकाला आणखी एक पाव फेरा. त्या शेवटच्या पाव फेऱ्यात बोल्ट फारसा घट्ट होत नाही, तो लांब होतो. केसभर लांब होतो, आणि मग परत आखडायला बघत हेडला ब्लॉकवर दाबून धरतो, इंजिन तापो नाही तर निवो. एकदा ताणला गेलेला बोल्ट पुन्हा पहिल्या लांबीवर येत नाही. म्हणून हेड काढलं की जुने बोल्ट टाकायचे, नवे घालायचे. आणि हातावर विसंबलं तर घात होतो, कारण ते ताणणं हाताला मऊ लागतं. आणखी थोडं घ्यावं असं वाटतं, आणि तिथंच तो तुटतो.

काका हे पुण्याला जाऊन शिकून आले. परत आले ते लहान मुलासारखे हरखून. माझ्या केसांचं रबर मागून घेतलं आणि दोन बोटांत ताणून दाखवलं. “ह्यो बोल्ट आवळायचा नसतोय पोरी, ताणायचा असतोय. ढिलं रबर काय धरणार? आन लई वढलं तर तुटणार. मधली जागा कोनावर कळती, जोरावर न्हाय.” मग त्यांनी आपली एक रीत बसवली. जोर देऊन झाला की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, सगळे ठिपके पुढं, रेडिएटरच्या बाजूला. पहिला पाव फेरा झाला की सगळे ठिपके उजवीकडं. दुसरा झाला की सगळे मागं. “मागं आले की पाना खाली ठेवायचा आन हात धुवायचे,” ते म्हणायचे. माझं पहिलं हेड मी असंच बसवलं, ते शेजारी हाताची घडी घालून उभे असताना. शेवटच्या बोल्टला माझा हात थांबला, मला वाटलं तुटणार. त्यांनी फक्त मान हलवली, घे म्हणून. मी घेतला.

गेल्या वर्षापासून त्यांचं बिनसायला लागलं. आधी चहा. मागवलेला पिऊन झाला तरी पुन्हा मागवायचे. मग एका गाडीत नवं ऑइल भरलं आणि जेवून आल्यावर तेच काढायला गाडीखाली शिरले. काकू म्हणाली, “आंघुळ करून येत्यात आन परत आंघुळीला जात्यात. टॉवेल वला का म्हणून माझ्यावरच वराडत्यात.” आम्ही त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी त्यांना वार विचारला, गाव विचारलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. काकांनी गोल सुरेख काढला, हातानं काढला यावर विश्वास बसणार नाही असा, आणि आत आकडे कुठं लिहायचे ते त्यांना सुचेना. डॉक्टर मला बाहेर म्हणाले, गोळ्यांनी वेग जरा कमी होईल, पण गेलेलं परत येत नाही. मग काय करायचं, मी विचारलं. ते म्हणाले, नेहमीच्या कामात गुंतलेले बरे. मला तेवढंच ऐकायचं होतं. काका गॅरेजला येत राहिले.

त्याच सुमाराला मास्तरांची गाडी आली. मास्तर गगनबावड्याच्या घाटातल्या एका गावातले. त्यांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत, डायलिसिसला आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला आणावं लागतं. येताना वाटेत पाण्याचा पाइप फुटला आणि गाडी तापली. दवाखान्याची वेळ चुकेल म्हणून ते तशीच रेटत आले. हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट उडालं, हेड वाकलं, पिस्टन घासले. पूर्ण इंजिन खोलावं लागलं. काकांनी ते हौसेनं अंगावर घेतलं आणि खालचं सगळं काम, क्रँक, बेअरिंग, रिंगा, असं केलं की तुम्हाला सुद्धा बोट ठेवायला जागा सापडली नसती. त्या दिवसांत ते इतके नीट होते की डॉक्टरांचंच काही तरी चुकलं असं मला वाटायला लागलं. घरी जाऊन काकूला तसं म्हटलंही. 

मग हेड बसवायचा दिवस आला. मी पलीकडं दुसऱ्या गाडीखाली होते. काकांनी बोल्टना जोर दिला, ठिपके दिले, दोन्ही पाव फेरे घेतले. सगळे ठिपके मागं आलेले मी स्वतः जाता जाता बघितले होते. पाना हेडवर ठेवून ते हात धुवायला निघाले तेवढ्यात शेजारचा लेथवाला पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला. उभ्या उभ्या दोघं बोलले, हसले. तो गेल्यावर काका वळले तर समोर हेड आणि त्यावर पाना. मला गाडीखालून पान्याची करकर ऐकू आली. आधी लक्षात आलं नाही. मग आलं, आणि मी “काका!” म्हणून बाहेर सरकेपर्यंत टक् असा आवाज झाला. एवढासाच, सुपारी फुटावी तसा.

मधल्या दोन बोल्टांचे ठिपके डावीकडं वळले होते. तिसऱ्याचं डोकं पान्यात अडकून आलं होतं. काका ते उलटसुलट करून बघत होते. “बोल्टच हलका आलाय,” ते म्हणाले.  मग ते हेडवर वाकले. कानडी न येणारा माणूस निपाणीपलीकडच्या स्टँडवर उतरून पाटीकडं बघतो तसे बघत राहिले. “हे ठिपके कुणी दिलेत गं?”

“तुम्हीच दिलेत, काका.”

“मी? कवा?”

“आत्ताच. तासाभरापूर्वी.”

“आन ह्याचा अर्थ काय?”

आबा, ज्यांनी मला तो अर्थ शिकवला त्यांना मी तो सांगायला लागले. पुढं म्हणजे जोर झाला, उजवीकडं म्हणजे एक पाव, मागं म्हणजे संपलं. ते एकेक शब्दाला “व्हय, व्हय” म्हणत होते, पाहुण्यानं नवी माहिती ऐकावी तसं, अदबीनं. मला मधेच थांबावं लागलं.

न तुटलेले बोल्टही आता कामाचे नव्हते. नवा संच कोल्हापुरात कुठंच मिळाला नाही, पुण्याहून येणार होता. आणि गाडी घ्यायला मास्तर त्याच दुपारी आले. त्यांना मी आज देते म्हणाले होते. “ताई, उद्या हिचा दिवस हाय,” ते म्हणाले. “एस्टीनं आणू व्हय? मागल्या बारीला घाटापास्नं उलट्या करून बेजार झाली.”

“हेडचा बोल्ट तुटला, मास्तर.”

“तुटला म्हंजे? कुणाच्या हातनं?”  त्यांनी काकांकडं बघितलं. “ह्यांच्या हाताखातर मी गाडी हितं आणली. जवळ दुसरी गॅरेजं न्हवती व्हय?” त्यांचा आवाज चढला होता आणि त्यात चूक काही नव्हतं. तेवढ्यात काका खुर्ची ओढत आले. “बसा की मास्तर, उभं का? चा सांगू?” मास्तरांच्या हातात काकांनीच आणून दिलेला चहाचा कप होता, भरलेला. त्यांनी कपाकडं बघितलं, काकांकडं बघितलं, आणि ते बसले. काका चहा सांगायला बाहेर गेल्यावर त्यांनी हळू विचारलं, “कवापास्नं?”

“वर्ष झालं.”

त्यांनी कप खाली ठेवला. “हिचं बी तसंच,” ते म्हणाले. “चालू ठेवा म्हणत्यात. बरं व्हईल असं कोण म्हणत न्हाय.” मी गॅरेजच्या जुन्या व्हॅनची किल्ली त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती घेतली. आभार मानले नाहीत, मीही माफी मागितली नाही. आमच्या दोघांच्या हातात तेव्हा तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका लख्ख शुद्धीवर होते. हेड काढून ठेवलं होतं, ब्लॉकमध्ये तुटलेल्या बोल्टचा तुकडा उभा होता. तो काढायला मी ड्रिल शोधत होते. त्यांनी मला हातानंच थांब म्हटलं, तुकड्याच्या कडेला थेंबभर तेल सोडलं, पक्कड हलकेच लावली आणि तो तुकडा निमूटपणे फिरत वर आला. शेवटचे आटे तर त्यांनी बोटांनी सोडवले. “डोस्कं गेलं की ताण जातोय,” ते म्हणाले. “मग काय धरत न्हाय त्यो.” तुकडा त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवला आणि विचारलं, “कुणाच्या हातनं तुटला?” मी म्हटलं, माझ्या. “हुतंय,” ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

बोल्ट आले त्या दिवशी काका स्वच्छ कपडे घालून, केस विंचरून माझ्याआधी गॅरेजवर हजर. काकूनं सांगितलं की पहाटेपासून घाई चालली होती, हेड बसवायचंय म्हणून. बोल्टचं पार्सल दुपारी हातात पडलं. मी बोल्टची भोकं फडक्यानं कोरडी केली, आट्यांना तेल लावलं, हेड ठेवलं. वळून बघते तर पाना त्यांच्या हातात. हात जराही हलत नव्हता. तेच तर आहे, आबा. त्यांचा हात कधीच चुकला नाही. कितव्या फेऱ्यात आहोत तेवढं त्यांच्यापाशी राहिलं नव्हतं, आणि ते हाताला कळत नाही. मी म्हटलं, काका, आज मी करतो. आपल्याकडच्या बायका तसंच बोलतात, करतो, येतो. त्यांनी ऐकलं नाही. मी पाना धरला, त्यांनी सोडला नाही. त्यांच्या बोटांतून मला तो एकेक बोट उचलून सोडवून घ्यावा लागला. मग त्यांनी तुम्हाला हाक मारली.

तुम्ही आला नाहीत. ते बाकड्यावर माझ्याकडे पाठ करून बसले. मी बोल्ट घेतले. पहिला जोर, मग ठिपके, मग पाव फेरा. शेवटच्या पाव फेऱ्याला तो मऊपणा हाताला लागत गेला, एकेक बोल्ट ताणला जात होता आणि ते बरोबर आहे हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक बोल्टला मी ठिपका दोनदा तपासला. मान हलवून “घे” म्हणणारं कोणी नव्हतं. सगळे ठिपके मागं आल्यावर मी पाना कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाकीची जोडणी झाल्यावर संध्याकाळी इंजिन चालू केलं. काका बाकड्यावरून उठून आले, कान वाकडा करून ऐकलं. “झ्याक वाजतंय,” म्हणाले. “कुणी बांधलं?”

“तुम्ही.”

“मग असणारच की,” ते म्हणाले. खालचं सगळं त्यांचंच होतं, म्हणजे ते खोटं नव्हतं. मास्तर गाडी घेऊन गेले. परवा त्यांचा फोन आला, गाडी घाट हासत चढते म्हणाले. बायकोचं विचारलं तर म्हणाले, चाललंय.

आता काकांना मी मागच्या शेडमध्ये एक जुनं पेट्रोल इंजिन स्टँडवर लावून दिलंय. तुमच्या काळातलं, साध्या बोल्टांचं. ते कितीदाही आवळा, त्यांना काही होत नाही. काका दिवसभर हेड बसवतात. ते घरी गेले की मी सगळं खोलून ठेवते आणि सकाळी ते पुन्हा सुरू करतात. एकदा मात्र पान्यावर हात ठेवून थांबले आणि म्हणाले, “हे कालचंच हाय न्हवं?” मी फडक्यानं हात पुसायला लागले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग स्वतःच म्हणाले, “असूंदे,” आणि बोल्ट हातात घेतला. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी रोज स्वतःला विचारते. काकूला विचारलं तर ती म्हणाली, नको विचारत जाऊस.

तुमच्याबद्दल ते रोज विचारतात. दादा कुठं गेलेत? इतके दिवस मी खरं सांगत आले. खरं सांगितलं की ते पहिल्यांदाच ऐकतात. बाकड्यावर बसतात, डोक्याला हात लावतात आणि विचारतात, मातीला कोण कोण आलतं? मी होतो का? मी सांगते, होतात, तुम्हीच खांदा दिलात. काल मला ते जमलं नाही. मी म्हटलं, “गडहिंग्लजला गेलेत, पार्ट आणायला. संध्याकाळच्या एस्टीनं येतील.” “मग असं सांग की,” ते म्हणाले, आणि गुणगुणत कामाला लागले. कित्येक दिवसांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

हे सगळं लिहून मी कुठं ठेवणार, माहीत नाही. काकूला वाचून दाखवायचं धाडस नाही. तक्रारीवर तुमचं म्हणणं काय, तेही कळायचं नाही. पाना काढून घेतला हे बरोबर होतं, तेवढं तरी कोणीतरी म्हणायला हवं होतं. एक सांगते, तेवढं आपल्यात ठेवा. काल काकांना घरी सोडलं तेव्हा ते तुमचं येणं विसरूनही गेले होते. मी परत आले, शटर अर्धं ओढलं आणि तशीच थांबले. मग शेजारी जाऊन लेथवाल्याला विचारलं, गडहिंग्लजची एस्टी हल्ली किती वाजता येते.